निगुडकरबाई उवा बघायच्या

निगुडकरबाईंच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला पाणी मिळायचं. पाणी सगळेच देतात, त्यात नवल नाही. पण बाई पाणी देऊन समोर बसायच्या आणि पाहुण्याच्या तोंडाकडं न बघता गळ्याकडं बघायच्या. तो बिचारा घाईनं पिऊन भांडं खाली ठेवायचा, तर म्हणायच्या, "अजून घ्या." त्याला वाटायचं, सदऱ्याची गुंडी तुटली असणार. एक मास्तर तर उपरण्यानं मान पुसून पुसून लाल करून घरी गेले आणि परत कधी आले नाहीत.

बाई नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या डॉक्टर होत्या आणि मी त्यांच्या जीपवर डायव्हर. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या परीक्षेलाही मी बसलो नाही, कारण मास्तर म्हणाले आधी माफी माग, आणि चूक माझी नव्हती. आजही नव्हती असंच सांगतो. तेव्हा लिहिण्यात कुठं काही चुकलं तर चुकलं. गाडी मात्र मी कधी खड्ड्यात घातली नाही. बाई म्हणायच्या एकदा घातली. तो खड्डा नव्हता, रस्ताच तसा होता.

बुटक्या होत्या बाई. नऊवारी नाही, साधं पाचवारी लुगडं, पदर कमरेला खोचलेला, जाड भिंगांचा चष्मा. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं की म्हणायच्या, "वेळेवर कुणी गाठ दाखवली नाही." काम करताना सतत नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायच्या. भजन म्हणावं तर भजन नाही, लावणी म्हणावी तर बाईंना शोभायची नाही. सूर तर असा की रस्त्यात बैलं बिचकायची. पण दवाखान्यातल्या नर्सा सांगायच्या, बाई गुणगुणतायत तोवर सगळं ठीक आहे.

हे गळ्याचं वेड काय आहे, ते मी एकदा गाडी गरम झाली म्हणून केडगावच्या पुढं थांबलो होतो तेव्हा विचारलं. बाईंनी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं एक फुलपाखरू काढलं.

"ही थायरॉईड. गळ्यात पुढच्या बाजूला बसलेली असते. श्वासनळीला पंखांनी धरून. आपण गिळलं की नळी वर जाते, तिच्याबरोबर हीसुद्धा वर जाते. आता समजा, कुणाच्या गळ्याला गाठ आहे. त्याला पाणी पाजा. गाठ वरखाली झाली, तर ती या फुलपाखराची. जागची हलली नाही, तर दुसऱ्या कशाची तरी. कळलं?"

"कळलं. पन गलगंड तर आमच्याकडं बायांना असतोच की."

"मोठ्यांना असतो. मोठ्यांची गाठ बहुतेक वेळा साधी निघते. पण लहान मुलाच्या गळ्यात अशी टणक गाठ दिसली, की आधी वाईटच समजायचं. क्वचित दिसते. म्हणून तर कुणी बघत नाही."

आणि मग म्हणाल्या, "गेनबा, तुमच्या लोकांसारखे पेशंट जगात नाहीत. मुंबईत मी शिकले तेव्हा एकेकाला विनवावं लागायचं, मान मागं करा, गळा ताणा, गिळा. इथं तांब्याला तोंड लावत नाहीत. मान मागं, तांब्या वर, धार सरळ घशात. सगळी तपासणी आपण होऊन करून दाखवतात."

खरंच होतं. तेव्हापासून मलाही खोड लागली. लग्नाच्या पंगतीत मीसुद्धा लोकांचे गळे बघायला लागलो. बायको म्हणाली, हे काय नवीन.

बघून झालं की हात लावून तपासायचं, आणि घोटाळा इथंच व्हायचा. ही गाठ समोरून नीट लागत नाही. डॉक्टरनं पेशंटच्या मागं उभं राहायचं, दोन्ही हात गळ्याभोवती घालायचे आणि बोटांनी चाचपायचं, अशी ती रीत. आता तुम्हीच सांगा, ते लांबून कसं दिसत असेल? कर्जतकडच्या एका गावात बाईंनी एका पोराला असं धरलं आणि म्हणाल्या, "गिळ." पोरगं भेदरलं, डोळे पांढरे केले. त्याची चुलती अंगणातून ओरडत आली, "आगं बया, पोराचा गळा दाबती की!" हातात मुसळ. मी मधे पडलो म्हणून बाई वाचल्या. मुसळ माझ्या खांद्याला लागलं. थंडीत तो खांदा अजून बोलतो.

त्या संध्याकाळी आम्ही परत निघालो होतो. एका गावाबाहेरच्या घराच्या उंबऱ्यात दोघी बसल्या होत्या, पुढं एक पोरगी, मागं तिची आई. आई पोरीच्या केसांत बोटं घालून उवा मारत होती. बाई ओरडल्या, "थांबवा! बघा, बघा, कशी बसलीय! मागून! दोन्ही हात मोकळे!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाजारातून बारीक दातांची लाकडी फणी आणि खोबरेल तेलाची बाटली आणली. तेव्हापासून गळा कुणाचाच तपासायच्या नाहीत. उवा बघायच्या. पोर मांडीपुढं बसवायचं, केसांत फणी फिरवायची, दोन गोष्टी बोलायच्या, आणि बोटं हळूच कानामागून उतरत गळ्यावर. पोराला गुदगुल्या व्हायच्या, ते आवंढा गिळायचं, बाईंचं काम झालेलं असायचं. एवढं मात्र झालं की काही आयांना राग यायचा. "आमच्या पोरीच्या डोक्यात उवा न्हाईत, सोताच्या बघा!" बाई शांतपणे डोकं पुढं करायच्या, "बघा की." एक-दोघींनी खरंच बघितल्या.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडच्या बाजूला खडी फोडायची कामं निघाली. माळावर माणसांचा बाजार भरल्यासारखं. टोचण्या देण्यासाठी दवाखान्याची जीप तिकडं जायची. टोचण्या नर्स द्यायची आणि बाई पाण्याच्या टँकरजवळ दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसायच्या, पिणाऱ्यांकडं डोळे लावून.

पहिल्या दिवशी कुणी पाणीच पिईना. बाया यायच्या, ओठ ओले करायच्या, बाईंकडं चोरून बघायच्या आणि निघून जायच्या. गडीमाणसं चूळ भरल्यासारखं करायची. ऊन तर असं, की दगडाला हात लावला तर फोड यावा.

बाई म्हणाल्या, "गेनबा, ही माणसं पाणी का पीत नाहीत हो? जाऊन विचारा."

मी गेलो. मुकादमानं मला बाजूला घेतलं. "डायव्हर, खरं सांग. मानशी किती घोट माफ हायेत?"

"कसलं घोट?"

"सरकारनं बाई बशिवलीया न्हवं, कोन किती पानी पितंय ते बघायला? चष्मा लावून घोट मोजतीया. उद्या टँकर बंद करत्याल."

मी म्हणालो, डॉक्टर आहे ती. तो म्हणाला, डॉक्टर असती तर सुई टोचली असती, नुसती बघत बसली नसती.  मी त्याच्याशी भांडलो.

तेवढ्यात खाणीच्या बाजूनं एक पोरगी उतरली. नऊदहा वर्षांची, केसांच्या झिपऱ्या, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. मुकादम ओरडला, "भागे, बेतानं!" तिनं तांब्या भरला, मान मागं टाकली, आणि घटाघटा सगळा रिचवला. मग तोंड पुसून बाईंसमोर उभी राहिली. "बघायचं ते बघा. मला तहान लागलीया."

बाईंना बघायचं ते दिसलं होतं. गळ्यात पुढं, मध्यापासून जरा डावीकडं, लिंबाएवढी गाठ. प्रत्येक घोटाला वर गेली, खाली आली.

"बस इथं," बाई म्हणाल्या, "उवा बघते."

"लई हायेत. तुमच्या अंगावर येतील."

"येऊ देत."

फणी फिरू लागली, बाईंचं गुणगुणणं सुरू झालं. मानेच्या डाव्या बाजूला काळे चट्टे होते, तापवलेल्या विळ्याचे डाग दिलेले. बारीक बारीक गाठी होत्या तिथं. गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय, समजून घरच्यांनी डाग दिले होते, आणि कुठल्याशा डॉक्टरनं तेच समजून क्षयाची इंजेक्शनं. बाईंची बोटं त्या गाठींवरून पुढच्या गाठीवर आली. आणि गुणगुणणं थांबलं.

मी इंजिनात पाणी घालत होतो. मी वर बघितलं.

"गारगोटीसारखी," बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग भागीला, "कधीपासून गं?"

"गेल्या जत्रंपासून. दुखत न्हाई. बा म्हनतो, जाईल."

तिचा बा रंगनाथ. खाणीत सुरुंगाला बत्ती द्यायचं काम त्याच्याकडं होतं. आणि भागीचं काम काय, तर बत्ती द्यायच्या आधी टेकाडावर उभं राहून आरोळी ठोकायची, म्हणजे माळावरची माणसं आडोशाला पळतील. मुकादमाकडं शिट्टी होती, पण रंगनाथाचा शिट्टीवर भरवसा नव्हता. "शिट्टी वाऱ्यानं जाती. माझ्या भागीचा आवाज वाऱ्याला कापत जातो." आम्ही ऐकलाय ना. त्या पोरीनं "पळाऽऽ" म्हटलं की टँकरचा डायव्हर, जो कुणाचं ऐकत नव्हता, तोसुद्धा पळायचा.

बाईंनी तिला नगरला आणवलं, मानेची एक बारीक गाठ काढून पुण्याला तपासायला पाठवली. उत्तर आलं तेच, जे त्यांच्या बोटांना आधी कळलं होतं. थायरॉईडचा कॅन्सर, मानेत उतरलेला. फोटोत छाती मोकळी होती, तेवढं बरं.

रंगनाथाला समोर बसवून बाईंनी सांगितलं, तेव्हा मी दारात होतो. लपवलं काही नाही.

"कॅन्सर आहे. पण मुलांमधला हा प्रकार आळशी असतो. आळशी पाहुण्याला घराबाहेर काढायला सवड मिळते. ऑपरेशन करून सगळी ग्रंथी काढायची, मानेतल्या गाठी काढायच्या. मग मुंबईत एक किरणांचं औषध प्यायला देतात, उरलंसुरलं जाळायला. मग रोज सकाळी एक बारीक गोळी, जन्मभर."

"जन्मभर?"

"जेवता ना जन्मभर? तशीच."

रंगनाथानं टोपी हातात फिरवली. "आन् आवाज?"

बाईंनी टेबलावरच्या बँडेजच्या पट्टीतून एक पांढरा दोरा उपसला, त्याच्यापुढं धरला. "आवाजाची शीर एवढी असते. गाठीच्या मागून जाते. चिकटलेली असली तर सोडवावी लागेल."

"ऱ्हाईल का आवाज?"

"सांगता येत नाही."

"मंग ज्याला सांगता येतंय त्याच्याकडं जातो." उठला, पोरीचा हात धरला आणि गेला.

बाई चिडल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत, एवढंच. मी म्हणालो, जीप घेऊन जातो, पकडून आणतो. तर म्हणाल्या, "पकडून आणायला ती काय शेळी आहे?"

आठवड्यानं रंगनाथ आपण होऊन दारात उभा. पोरगी बरोबर.

"दुसऱ्या गावच्या डाक्टरला दावली. तो म्हनला, आवाजाला काय बी व्हनार न्हाई, बिनघोर ऱ्हा."

"मग?"

"मंग काय! जो सुरुंगवाला म्हनतो काय व्हनार न्हाई, त्याच्या शेजारी मी उभा ऱ्हात न्हाई. त्यानं दोरा कुठं असतो ते बी सांगितलं न्हाई. तुमीच करा."

बाई म्हणाल्या, मुंबईला पाठवते, तिथं मोठे सर्जन आहेत. रंगनाथ म्हणाला, मुंबईत उवा कोन बघनार?

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलली तरी चाललं होतं. मी आणि रंगनाथ बाहेरच्या लिंबाखाली. मधेच नर्स बाहेर आली, तिला मी विचारलं, "गुणगुणतायत का?" तिनं मान हलवली. नाही. रंगनाथाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितला नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा चष्म्याच्या दांड्यांचे वण गालांवर उमटले होते. "सगळं निघालं. दोरा गाठीला चिकटला होता. सोडवलाय, तोडलेला नाही. पण त्याचे फार हाल केलेत मी. आता तो काय म्हणतो ते बघायचं."

भागी शुद्धीवर आली. तोंड उघडलं, ओठ हलले, आणि नुसती हवा निघाली. फुटक्या भात्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गलका झाला. मी धावलो. भागीच्या हाताची बोटं आत वळली होती, मनगटं वाकडी, ओठ थरथरत होते. शेजारच्या खाटेची कर्जतची म्हातारी जमिनीवर बसून हात जोडत होती. "आई आली! पोरीच्या अंगात आई आली!" कुणी कुंकू आणलं, कुणी उदबत्ती. दुष्काळ तो, पहिला प्रश्न काय असणार?

"आई, पाऊस कवा पडंल?"

भागी कुजबुजली, "मुंग्या आल्यात. हाताला."

"मुंग्या निघाल्यात म्हनती! आठ दिवसांत पाऊस!"

म्हातारीनं खाटेची दांडी धरली. "आई, माजी म्हस गेलीया दावनीची. कुन्या दिशेला गावंल?"

तेवढ्यात बाई आल्या, हातात मोठी सिरिंज. "सरका."

"बाई, आई आलीया—"

"येऊ दे. तिला कॅल्शियम कमी पडलंय." त्या खाटेवर बसल्या, शीर शोधली आणि सावकाश, सावकाश औषध सोडू लागल्या. नंतर मला सांगितलं, थायरॉईडच्या मागं गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, ऑपरेशनात त्या दुखावल्या की रक्तातला चुना उतरतो आणि हात असे वळतात. तेव्हा मात्र नुसतं म्हणत होत्या, "अंगात गरम वाटेल हं भागी. घाबरू नको. गरम वाटेल." थोड्या वेळात एकेक बोट सुटं झालं. 

म्हातारी हिरमुसली. "गेली आई. म्हशीचं राहूनच गेलं."

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी भागीच्या गालावर कानापुढं टिचकी मारून बघायच्या, ओठ उडतो का म्हणून. उडला तर चुना अजून कमी. ओठ उडायचा थांबला, जखम भरली, गोळी सुरू झाली. आवाज मात्र नाहीच. बाई तिला म्हणायच्या, "आऽऽ म्हण." हवा. "ईऽऽ म्हण." हवा. पोरगी हट्टी, ती प्रयत्न करून करून लाल व्हायची आणि मग उशीवर बुक्क्या मारायची. रंगनाथ एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.  बाई गाडीत बसल्या की बाहेर बघायच्या, आणि माझ्याशी रस्त्यावरून भांडायच्यासुद्धा नाहीत. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेलं, तरी नाही.

भागीला मुंबईला नेलं, ते किरणांचं औषध पाजलं. वेगळ्या खोलीत एकटी ठेवली काही दिवस. कुणी जवळ जायचं नाही. बाई स्वतः गेल्या होत्या बरोबर, दाराच्या काचेतून तिला तोंडं वेडावून दाखवायच्या, असं रंगनाथ सांगत होता. तिथल्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. जीव वाचला होता. मग ती माळावर परत गेली, आणि शिट्टी मुकादमानं वाजवायला घेतली.

पुढं काही महिन्यांनी बाईंचं नगर सोडायचं ठरलं. नाशिकला म्हातारे वडील होते, त्यांच्याजवळ राहायला कुणी नव्हतं. जायच्या आधी म्हणाल्या, "जामखेडला एक चक्कर मारू. तिच्या गोळीची चौकशी करायचीय." गोळीची चौकशी पोस्टानंही झाली असती. मी गाडी काढली.

माळाच्या अलीकडं रस्त्यात काठीला लाल फडकं बांधलं होतं. बाई म्हणाल्या, "थांबा, निशाण आहे." मी म्हणालो, "सरकारी निशाण असतं तर थांबलो असतो. हे कुणाचंतरी मुंडासं आहे." आणि गाडी पुढं घेतली.

थोडं गेलो, आणि टेकाडावरून आवाज आला.

"ए जीपवाल्याऽऽ! डोळं फुटलं का रं तुजंऽऽ! माघारी फीरऽऽ!"

मी ब्रेक दाबला. वर बघितलं तर परकर खोचलेली भागी, दोन्ही हात तोंडाशी. खाली खाणीत रंगनाथ, हातात पेटती मशाल, सुरुंगापासून चार हात लांब थांबलेला. मुकादम हात हलवत होता, पण त्याच्याकडं कोण बघतंय!

मी गियर मागचा टाकला. बाईंनी माझा हात धरला.

"थांबा. मागं घेऊ नका."

"बाई, सुरुंग लावलाय पुढं!"

"मशाल त्याच्या हातात आहे अजून. जरा पुढं घ्या."

"पुढं?"

"दोन हात. घ्या म्हणते ना!"

मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण गाडी दोन हात पुढं घेतली. टेकाडावरून माझ्या बापाचा उद्धार झाला. मग आजाचा. जरा घोगरा होता आवाज, शेवटाला किंचित फाटत होता, पण वारा समोरून होता आणि एकेक शब्द आमच्यापर्यंत येत होता. खाली रंगनाथानं मशाल बाजूला मातीत खोचली आणि कमरेवर हात ठेवून मान वर करून उभा राहिला. बत्ती द्यायची त्याला काही घाई दिसेना.

त्यानंतर आठवड्यात बाई नाशिकला गेल्या. त्यांना पोचवायला मी नव्हतो, गाडी दुरुस्तीला होती. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं त्या आहेत त्या तशाच, त्या माळावर. जीपच्या दारातून अर्ध्या बाहेर, एक पाय पायरीवर, एका हातानं हुडाची सळई धरलेली, दुसरा हात कानामागं, चष्मा धुळीनं पांढरा. आणि गळा ताणून वरती ओरडतायत, "ऐकू येत नाही गंऽऽ! परत सांग!"

वरून परत सांगितलं. त्यातलं मी इथं लिहू शकत नाही.